आवाज कसला

मुश्ताक होडेकरचा डावा कान ट्रॉलरांनी खाल्ला.
वीस वर्षं डिझेल इंजिनांच्या पोटात डोकं घालून बसला होता,
बंदरावर, भरती-ओहोटी न बघता.
उजवा अर्धा उरलाय.
समोर बसून बोललं तर माणूस कळतो,
इंजिन कळत नाही.

नाट्याच्या उतारावर त्याचं गॅरेज,
अर्धं झापांचं, अर्धं पत्र्याचं.
माझी ईको मासळीचे क्रेट वाहून वाहून
बर्फाच्या खाऱ्या पाण्यानं खालून कुजत आलेली.
उभी केली की तो हात पुसत येतो:
"आवाज कसला, शेवंते?"

पहिल्यांदा मी म्हणाले, येतो काहीतरी.
"काहीतरी कुणाच्या गाडीत नसतं.
कुरकुरतो, खडखडतो, की घरघरतो?
सरळ जाताना की वळताना?
सकाळी थंड असताना, की बाजार उरकून येताना?"

मला सांगता आलं नाही.
घरातला माणूस अंधारात घोरला
तरी कुठल्या कुशीवर आहे ते मला कळतं,
आणि ज्या चार चाकांवर पोट आहे
त्यांच्या बाबतीत मी ठार बहिरी.

तेव्हापासून काच खाली करून चालवते.
दोन्हीकडे जांभ्याचे गडगे लागले
की चाकांचा आवाज त्यांवर आपटून परत येतो.
त्यातून निवडायचं,
जवळ्यातून कचरा निवडतात तसं, न कंटाळता.

सकाळचा पहिला ब्रेक खर्र करतो: तो गंज,
रात्रीच्या वाऱ्यानं डिस्कवर चढलेला, दोन दाबांत जातो.
दुपारीही चिरकला तर पॅड संपले.
गिअर टाकताना मागून खट्: शाफ्टचा क्रॉस.
वेगाबरोबर चढत जाणारी घूं
म्हणजे चाकाचं बेअरिंग,
आणि ते कधी सुटेल ते बेअरिंगलाच ठाऊक.
पांढरा धूर पहाटे पाच मिनिटं चालतो.
पण दिवसभर निघाला, वर गोडसर वास,
आणि रेडिएटर रोज पाणी मागतोय,
तर गाडी बाजूला घे गो, चढ चढू नको.

खातूशेठची गोष्ट तो दर पावसाळ्यात सांगतो.
ऑइलचा लाल दिवा डोळ्यांत जातो
म्हणून शेठनं त्यावर देवीचा स्टिकर चिकटवला.
आडिवऱ्याच्या चढावर इंजिन जाम.
मुश्ताकनं स्टिकर नखानं हलके सोडवला,
आरशाखाली नीट लावला, हात जोडले,
आणि मग बिल सांगितलं.

परवा एक आवाज असा आला
की माझ्याजवळ शब्दच नव्हता.
मी तोंडानं काढून दाखवला, दोनदा.
तो हसला नाही.
लांब स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक चालू इंजिनवर टेकवलं
आणि मूठ दातांत धरली.
डोळे मिटून, पान चावणाऱ्या म्हाताऱ्यासारखा
जबडा थोडा इकडे, थोडा तिकडे.
"आल्टरनेटर," म्हणाला. "दात अजून ऐकतात."

मी विचारलं, कानाचं दाखवलंस कुणाला?
स्क्रूड्रायव्हर पुसत राहिला.
कानात होतं काय नक्की?
"येतो आवाज. काहीतरी."

मी काही बोलले नाही. नुसती बघत राहिले.
त्यालाच ऐकू आलं असावं
आपण काय बोललो ते.
"शिटी," म्हणाला. "बारीक.
रात्री, सगळं बंद झाल्यावर."

मंगळवारी क्रेट उतरवून ठेवले,
मागचा भाग दोनदा धुतला, तरी वास होताच.
रत्नागिरीच्या रस्त्याला तो शेजारी बसला,
नवा शर्ट, मांडीवर जुने कागद,
एक तळवा डॅशबोर्डवर,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

पावस यायच्या आत म्हणाला,
"मागचं डावं चाक. सुरू होतंय."

मी काच खाली केली.
वारा आला, एक एसटी गेली,
मी वेग कमी केला, मग वाढवला.
मला अजून काहीच ऐकू येत नव्हतं.